नळीवरचा आकडा

१९१४ च्या सुमारास एखाद्या रुग्णालयाने कर्करोगाच्या उपचारासाठी रेडियम विकत घेतले, की त्याच्या हाती पडे ती दोन्ही तोंडे वितळवून बंद केलेली एक बारीक काचेची नळी. आत मिठाच्या काही कणांइतका क्षार. किंमत मिलिग्रॅममागे शंभर डॉलरच्या वर. विकणारा सांगे, यात इतके मिलिग्रॅम रेडियम आहे. डॉक्टर त्या आकड्यावर विसंबून नळी रोग्याच्या गाठीशेजारी किती तास ठेवायची ते ठरवीत. आकडा खोटा निघाला तर एक तर गाठ जळायची नाही, नाही तर भोवतालचे निरोगी मांस जळायचे.

नळी फोडून आतला माल तराजूत घालण्याचा उपयोग नव्हता. बाजारातल्या क्षारात रेडियमबरोबर बेरियम असे. दोघांचे रासायनिक वागणे जवळजवळ सारखे आणि बेरियम स्वस्त. म्हणजे वजन खरे असले तरी त्यातले रेडियम किती, हे तराजू सांगू शकत नव्हता. सांगू शकत होते ते फक्त काचेतून बाहेर पडणारे गॅमा किरण. पण किरण मोजायचे म्हटले तरी ते कशाशी ताडून पाहायचे? ज्यातले रेडियम निर्विवाद ठाऊक आहे अशी एक तरी नळी जगात कुठे तरी असायला हवी. ती कशी झाली आणि तिच्यावरचा आकडा रुग्णालयापर्यंत कसा पोचला, हे त्या काळच्या मागे उरलेल्या कागदांवरून बऱ्यापैकी जुळवता येते. मँचेस्टरचे भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड आणि अमेरिकेतले त्यांचे मित्र बर्ट्राम बोल्टवुड यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. रदरफर्डनी ‘नेचर’मध्ये दिलेले निवेदन आहे, मादाम क्युरींचा १९१२ चा लेख आहे, आणि व्हिएन्ना, पॅरिस व वॉशिंग्टन येथून निघालेली प्रमाणपत्रे आहेत.

सुरुवात सप्टेंबर १९१० मध्ये ब्रुसेल्सला भरलेल्या परिषदेत होते. तोवर प्रत्येक प्रयोगशाळेचे रेडियमचे माप तिचे स्वतःचे होते. मँचेस्टरचा एक मिलिग्रॅम आणि पॅरिसचा एक मिलिग्रॅम एकच आहेत, असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकत नव्हते. माल देणारेही निरनिराळे होते: जर्मनीत ब्राउनश्वाइगचा बुखलर कारखाना, पॅरिसजवळ नोजाँला आर्मे द लीलचा कारखाना, बोहेमियात जोआखिम्सटालच्या सरकारी खाणी. परिषदेने एक समिती नेमली. रदरफर्ड अध्यक्ष, व्हिएन्नाचे स्टेफान मायर सचिव, आणि सदस्यांत मादाम क्युरी, दबिएर्न, बोल्टवुड, सॉडी, हान अशी मंडळी. सुमारे वीस मिलिग्रॅम रेडियम असलेले प्रमाण तयार करण्याचे काम मादाम क्युरींनी अंगावर घेतले. ६ ऑक्टोबर १९१० च्या ‘नेचर’मध्ये रदरफर्डनी हे सगळे जाहीर केले. एकक म्हणून ‘क्युरी’ हे नाव दिवंगत पिएर क्युरी यांच्या सन्मानार्थ घेतल्याचेही त्यात आहे.

त्या छापील निवेदनात सगळे एकमताने झाल्यासारखे दिसते. पत्रांत चित्र वेगळे आहे. रोजच्या वापरात लागेल असे अगदी चिमुकले एकक काहींना हवे होते. क्युरी हे नाव द्यायचे तर ते इतक्या क्षुद्र प्रमाणाला शोभत नाही, असा मादाम क्युरींचा आग्रह होता. शेवटी एक ग्रॅम रेडियमशी समतोलात असलेले उत्सर्जन म्हणजे एक क्युरी, असे ठरले. उत्सर्जन म्हणजे रेडियममधून सतत निघणारा वायू, ज्याला आपण आता रेडॉन म्हणतो. दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. तयार झालेली प्रमाण-नळी ठेवायची कुठे? मादाम क्युरींना ती स्वतःच्या प्रयोगशाळेत हवी होती, आणि त्यामागे भावनाही होती, हे रदरफर्डच्या पत्रांतून कळते. त्यांना बाईंविषयी मनापासून आदर होता. तरीही आंतरराष्ट्रीय माप एका व्यक्तीच्या कपाटात राहता कामा नये, यावर ते ठाम होते. मला या साऱ्या प्रकरणात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ज्या बाईंनी रेडियम शोधले, ज्यांनी त्याचा अणुभार काढला, त्यांच्या शब्दावर तिथे कोणाचा संशय नव्हता. समितीला हवे होते ते त्यांच्याशी संबंध नसलेले दुसरे माप.

ऑगस्ट १९११ मध्ये मादाम क्युरींनी अतिशुद्ध रेडियम क्लोराइडचे २१.९९ मिलिग्रॅम तोलून काचेच्या नळीत बंद केले. नळीची लांबी ३२ मिलिमीटर, काचेची जाडी ०.२७ मिलिमीटर. क्लोरीन वजा जाता आत रेडियम साधारण १६.७४ मिलिग्रॅम. काचेची जाडी शंभरांशापर्यंत लिहून ठेवण्याचे कारण उघड आहे: काचही थोडे किरण अडवते, आणि दुसरी नळी जाड काचेची असेल तर हिशेब चुकतो. वैद्यकीय मोजणीत पुढे शंभर वर्षे पुन्हापुन्हा डोके वर काढणारी अडचण या पहिल्याच नोंदीत आहे.

त्याच वर्षी व्हिएन्नाच्या रेडियम संशोधन संस्थेत ओटो ह्योनिगश्मिट यांनी जोआखिम्सटालच्या मालापासून, पूर्णपणे वेगळ्या हातांनी, तीन नळ्या भरल्या: १०.११, ३१.१७ आणि ४०.४३ मिलिग्रॅम. मार्च १९१२ च्या अखेरीस पॅरिसमध्ये दोन्हीकडच्या नळ्या समोरासमोर आल्या. तो काळ मादाम क्युरींच्या आजारपणाचा होता; सदस्यांना पॅरिसमध्ये काळजी लागून राहिली होती ती वेगळीच. दोन शहरांत, दोन प्रकारच्या मालातून, दोन रसायनतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तोललेल्या नळ्यांचे गॅमा किरण त्यांच्या वजनांच्या प्रमाणात निघाले नाहीत, तर? कोणाची शुद्धता मानायची, कोणाचा तराजू? पण आकडे मोजणीच्या चुकीच्या मर्यादेत जुळले. पॅरिसची नळी आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली, व्हिएन्नाची ३१.१७ ची नळी तिची जोडीदार म्हणून व्हिएन्नात राहिली. नळीची किंमत ब्रिटिश रसायनतज्ज्ञ जॉर्ज बेल्बी आणि त्यांच्या पत्नीने आपल्या खिशातून भरून दिली, आणि १९१३ च्या फेब्रुवारीत ती सेव्र येथील वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात, मीटर आणि किलोग्रॅमच्या मूळ नमुन्यांच्या शेजारी, जाऊन बसली.

मग देशोदेशींसाठी दुय्यम नळ्या निघू लागल्या. पद्धत अशी की व्हिएन्नात नळी भरायची, तिथल्या प्रमाणाशी मोजायची, मग पॅरिसला पाठवायची. तिथे पुन्हा मोजणी. दोन्हीकडचे आकडे जुळले की प्रमाणपत्र. त्यावर मायर, क्युरी आणि अध्यक्ष म्हणून रदरफर्ड, अशा तीन सह्या. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌सला १९१३ मध्ये मिळालेली नळी सहाव्या क्रमांकाची: २०.२८ मिलिग्रॅम रेडियम क्लोराइड, म्हणजे १५.४४ मिलिग्रॅम रेडियम. अशीच मोजणीची सोय ब्रिटनमध्ये टेडिंग्टनला झाली. बर्लिनमध्ये त्यासाठी हान्स गायगर मँचेस्टर सोडून आले होते. पॅरिसमध्ये मादाम क्युरींच्या प्रयोगशाळेने मोजणी विभागच चालवला. कारखानदार आणि डॉक्टर तिथे नळ्या पाठवत, शुल्क भरत आणि प्रमाणपत्र घेऊन जात.

वॉशिंग्टनला ब्युरोमध्ये एन. अर्नेस्ट डॉर्सी यांच्या देखरेखीखाली ही मोजणी कशी होत असे, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. साधन म्हणजे सुवर्णपत्र विद्युतदर्शी. बंद पेटीत एका दांडीला सोन्याचे अत्यंत पातळ पान. विद्युतभार दिला की ते दांडीपासून दूर सरते. जवळ रेडियम आणले की गॅमा किरणांमुळे पेटीतली हवा वाहक होते, भार ओसरतो आणि पान हळूहळू खाली येते. सूक्ष्मदर्शकातून मोजपट्टीवरच्या दोन रेघा पाहत राहायचे आणि पानाला त्या ओलांडायला किती सेकंद लागले ते मोजायचे. मध्ये शिशाचा पडदा, कारण मृदू किरण गाळून टाकायचे असतात. पाहुणी नळी आणि प्रमाण-नळी आलटून पालटून नेमक्या त्याच जागी ठेवायची. समजा प्रमाण-नळीला ४० सेकंद लागले आणि पाहुणीला ५०. मग पाहुणीत चार पंचमांश, म्हणजे साडेबारा मिलिग्रॅमला थोडे कमी. त्यातून नळी नसतानाही पान आपोआप किती ओसरते ते वजा करायचे, आणि काचेच्या किंवा प्लॅटिनमच्या वेष्टणाने किती किरण खाल्ले ते मिळवायचे.

हे एकदा करून भागत नसे. गॅमा किरण रेडियममधून थेट जवळजवळ येतच नाहीत. ते येतात रेडॉननंतरच्या पिढ्यांमधून. रेडियम ताजे शुद्ध करून नळीत भरले तर आत रेडॉन नसतोच. तो साठत जातो: पावणेचार दिवसांत निम्मा, महिनाभरात नव्याण्णव टक्क्यांपुढे. म्हणून कालच भरलेली नळी मोजली तर आकडा फार कमी येणार. आणि महिना उलटूनही किरण स्थिर नसतील, खाली-वर होत असतील, तर नळीला कुठे तरी चीर आहे आणि रेडॉन गळतो आहे, असे समजायचे. महिनाभर थांबून केलेल्या मोजणीने रुग्णालयाला दोन्ही गोष्टी कळत: माल किती आणि नळी धड आहे की नाही.

याहून अवघड प्रश्न मेसोथोरियमचा. बर्लिनमध्ये ओटो हान यांना १९०७ मध्ये हा पदार्थ सापडला. गॅसबत्तीच्या जाळ्यांसाठी थोरियम काढताना उरलेल्या गाळातून तो मिळत असे. ते थोरियम मोनाझाइट वाळूतून येई, आणि ती वाळू ब्राझीलहून, पुढे आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावरूनही. मेसोथोरियम रेडियमपेक्षा स्वस्त होता, जर्मनीत उपचारांसाठी उघडपणे विकला जाई, आणि त्यात काही गैर नव्हते. गैर होते ते तो रेडियमच्या नळीत मिसळून रेडियमच्या भावाने विकण्यात. सुवर्णपत्राला दोन्हींचे किरण सारखेच. पण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे सोळाशे वर्षे, मेसोथोरियमचे सहा वर्षांच्याही आत. आज शंभर निघालेली नळी काही वर्षे थोडी चढेल आणि मग घसरत जाईल. डॉक्टर मात्र जुन्याच आकड्यावर तास मोजत राहतील. त्यासाठी तपासनीसांनी युक्ती काढली. एकच नळी आधी पातळ आणि मग जाड शिशाआडून मोजायची. दोन्ही पदार्थांच्या किरणांची भेदक शक्ती वेगळी असल्यामुळे शुद्ध रेडियमचे दोन वाचनांमधले गुणोत्तर ठरलेले असते. ते बिघडले तर भेसळ. नळीतून निघणारी उष्णता मोजणे हा दुसरा मार्ग.

या साखळीतला सर्वांत बोलका कागद १९२१ चा आहे. अमेरिकेतल्या स्त्रियांनी वर्गणी काढून एक लाख डॉलर जमवले आणि मादाम क्युरींना एक ग्रॅम रेडियम भेट दिले. माल पिट्सबर्गच्या स्टँडर्ड केमिकल कंपनीचा, कोलोरॅडोच्या कार्नोटाइट खनिजातून कॅननस्बर्गला काढलेला. २० मे १९२१ ला व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते समारंभ झाला. रेडियम स्वतः तिथे आणलेच नव्हते, बाईंच्या हाती दिली ती पेटीची सोन्याची किल्ली. एव्ह क्युरींनी आईच्या चरित्रात आदल्या रात्रीची हकीकत दिली आहे. दानपत्र वाचल्यावर मादाम क्युरींनी ते बदलायला लावले. रेडियम व्यक्तिशः आपल्या नावे झाले तर आपल्यामागे ते वारसांची मालमत्ता होईल, ते प्रयोगशाळेच्याच नावे हवे, हा त्यांचा हट्ट. रात्रीच वकील शोधून कागद दुरुस्त करावा लागला. या दानपत्रावर लोक नेहमी लिहितात. त्याच भेटीबरोबरचा दुसरा कागद, ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌सचे मोजणीचे प्रमाणपत्र, फारसे कोणी पाहत नाही. कंपनी नावाजलेली, घेणारी जगातली सर्वांत जाणकार, देणारे अख्खे राष्ट्र. तरी नळ्या मोजल्या गेल्या. ती मोजणी सहाव्या क्रमांकाच्या नळीशी, ती नळी व्हिएन्ना आणि पॅरिसच्या प्रमाणांशी, आणि पॅरिसचे प्रमाण म्हणजे दहा वर्षांपूर्वी मादाम क्युरींनी स्वतः तोललेले २१.९९ मिलिग्रॅम. १९११ ची मापे आपल्याच कपाटात ठेवली असती, तर बाईंना मिळालेल्या भेटीचा आकडाही शेवटी त्यांच्या एकटीच्या शब्दावर उभा राहिला असता.

मोजणीने काय साधत नाही, तेही त्याच दशकात दिसले. न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंजचे विल्यम बेली ‘रेडिथॉर’ नावाचे पाणी विकत. लेबलावर ‘प्रमाणित किरणोत्सारी पाणी’ असे छापलेले, आत रेडियम आणि मेसोथोरियम. त्या काळी किरणोत्सारी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक वस्तूंत किरणोत्सर्ग नावालाही नसे, आणि सरकारी तपासनीस पाठी लागत ते अशा फसव्या मालाच्या. रेडिथॉर त्या कसोटीला पुरेपूर उतरत होते: दर बाटलीत दोन्ही पदार्थांचा निदान एकेक मायक्रोक्युरी. पिट्सबर्गचे उद्योगपती एबेन बायर्स यांनी १९२७ पासून अशा हजाराहून अधिक बाटल्या रिचवल्या. जबड्याची हाडे झिजून ३१ मार्च १९३२ ला ते वारले. उरलेल्या बाटल्या १९९० च्या सुमारास तपासल्या तेव्हाही त्या किरणोत्सारी होत्या. लेबल खरे असल्याची खात्री आणि औषध हितकारक असल्याची खात्री या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नसेल तर दुसरीची चर्चाही करता येत नाही, एवढेच.

तिकडे प्रमाण-नळ्या म्हाताऱ्या होत होत्या. किरणांच्या माऱ्याने काच ठिसूळ होते, आत वायू साठत जातो. आणि रेडियम स्वतः दरवर्षी दहा हजारांत सुमारे चार भाग घटते. १९११ पासून तेवीस वर्षांत जवळपास एक टक्का गेला. १९३४ मध्ये ह्योनिगश्मिट यांनी, आता म्युनिकमध्ये, बेल्जियन काँगोतल्या कटांगाच्या रेडियमपासून नव्या नळ्यांचा संच भरला. जुन्या आणि नव्या आकड्यांत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. त्याच वर्षी ४ जुलैला मादाम क्युरी गेल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर मालच बदलला. २ ऑगस्ट १९४६ ला ओक रिजच्या अणुभट्टीतून पहिले पार्सल रुग्णालयाकडे निघाले आणि पुढे आयोडीन-१३१ थायरॉइडच्या उपचारांत रुळले. रेडियमची नळी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवस: आज सकाळी १०० असेल तर उद्या सकाळी ९२ च्याही खाली. म्हणून कुपीवर नुसता आकडा पुरत नाही, तो कोणत्या तारखेचा आणि किती वाजताचा हे लिहावे लागते. आणि असे प्रमाण सेव्रच्या कपाटात ठेवता येत नाही. सुरुवातीला अनेकांनी आयोडीनचे गॅमा किरण रेडियमच्या किरणांशी ताडून मिलिक्युरी काढले. दोघांच्या किरणांची ऊर्जा वेगळी, त्यामुळे प्रत्येक उपकरण वेगळा आकडा देई. त्या काळात एकाच द्रावणाचे नमुने निरनिराळ्या प्रयोगशाळांत वाटले की उत्तरे बरीच फाकत. उपाय दोन झाले. १९५० मध्ये क्युरीची व्याख्या सेकंदाला ३.७ × १०^१० विघटने अशी पक्की केली, आणि विघटनेच मोजायची पद्धत बसवली, ज्यात बीटा कण आणि त्याच वेळी निघालेला गॅमा किरण यांची एकत्र नोंद होते. १९७५ मध्ये बेकेरेल हे नवे एकक आले. १९७६ पासून सेव्रला एक व्यवस्था सुरू आहे. देशोदेशींच्या प्रयोगशाळा आपले समस्थानिक कुपीत भरून पाठवतात, तिथल्या आयनीभवन कक्षात ते मोजले जातात, आणि तो कक्ष स्थिर आहे की नाही ते अजूनही सीलबंद रेडियम-२२६ वरच पडताळतात.

भारतात ही जबाबदारी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे. आयोडीन-१३१ पुरवणारी मोठी संस्था, किरणोत्सर्ग आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, वाशीची. दोन्ही अणुऊर्जा विभागातल्याच, पण विकणारे आणि तपासणारे हात वेगळे. केंद्र आयोडीनच्या द्रावणाच्या मोजलेल्या कुप्या रुग्णालयांकडे पाठवते. आतला आकडा केंद्राला ठाऊक असतो, रुग्णालयाला नाही. रुग्णालयाने आपल्या डोस कॅलिब्रेटरवर, म्हणजे डोस मोजण्याच्या यंत्रावर, आलेले वाचन आणि ते घेतल्याची वेळ कळवायची. केंद्र ते ठरलेल्या क्षणापर्यंत मागे नेते आणि स्वतःच्या आकड्याने भागते. भागाकार एकच्या जवळ आला तर ठीक. नाही आला तर यंत्राची आयोडीनसाठीची मांडणी तपासायची, कुपीची जागा तपासायची, आणि कुपीची काचही. आयोडीन-१२३ सारख्या समस्थानिकाचे मृदू किरण जाड काच बऱ्याच प्रमाणात खाऊन टाकते. तोच डोस प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये घेतला की यंत्र जास्त दाखवते. म्हणून कुपीसाठी एक गुणक आणि सिरिंजसाठी वेगळा, दोन्ही तपासून यंत्राशेजारी लिहून ठेवावे लागतात.